‘ही मी नाय!’ : छापण्याआधी फोटो कोण तपासतं?

मार्चअखेर जवळ आली की आम्हा संस्थावाल्यांची काय त्रेधा उडते, हे या त्रैमासिकाच्या मैत्रिणींना वेगळं सांगायला नको. हिशेब, ऑडिट, देणगीदारांची पत्रं आणि वार्षिक अहवाल. आमचा गेल्या खेपेचा अहवाल छापून आला तेव्हा त्यातल्या दहा प्रती पिशवीत घालून मी शहापूर तालुक्यात डोळखांबच्या पुढच्या एका ठाकरवाडीवर गेले. वाडीचं नाव देत नाही, कारण तिथल्या बायकांना विचारलेलं नाही.

अहवालात या वाडीवरच्या एका आजीचा फोटो होता. ही आजी म्हणजे आमच्या तिथल्या कामाचा कणा. ग्रामसभेत उभी राहून ‘विहीर कागदावर खणली का?’ असं सरळ विचारणारी. कपाळावर आणि हनुवटीवर ठसठशीत गोंदण, पुढचे दोन दात पडलेले, आवाज असा की पाठच्या ओळीतल्या पुरुषांनाही गप्प बसावं लागतं. तिला लिहिता-वाचता येत नाही. ‘तुझा फोटो छापलाय’ म्हटल्यावर ओटीवर बसून तिने अहवाल हातात घेतला, पान जवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं. मग नातीला विचारलं, “ही कोण?”

“तूच ना गं आजी.”

“ही मी नाय.”

आणि खरोखरच ती ‘ती’ नव्हती. पानावर एक करडा डाग होता. डोळ्यांच्या जागी दोन काळपट खळगे, गोंदणाचा पत्ता नाही, तोंड उघडं आहे की मिटलेलं ते कळायला मार्ग नाही. खाली मात्र ठळक अक्षरांत आम्ही छापलं होतं : ‘सक्षम झालेल्या महिला आता ग्रामसभेत आवाज उठवतात.’

नातीने पुढचं पान उलटलं. तिथे आमच्या कार्यक्रमाचे प्रमुख पाहुणे. काय सुरेख फोटो! शर्टाच्या खिशाची शिवण दिसत होती. मनगटावरच्या घड्याळात किती वाजलेत तेही वाचता येत होतं. पावणेबारा. (कार्यक्रम दहाचा होता.)

त्या दिवशी परतीच्या जीपमध्ये मी हा लेख मनात लिहायला घेतला. हा लेख छापखान्यावर नाही. छापखान्याने दिलं ते छापलं. हा लेख माझ्यावर, माझ्या सहकाऱ्यांवर आणि, राग मानू नका, या अंकाच्या बऱ्याचशा वाचकांवर आहे.

एकाच अहवालात एक चेहरा असा आणि दुसरा तसा का? उत्तर शोधायला फार लांब जावं लागलं नाही. पाहुण्यांचा फोटो त्यांच्या कार्यालयातून ई-मेलने आला होता. सोबत त्यांच्या सहायकाचा निरोप : ‘कृपया हाच वापरावा, हाय रेझोल्यूशन आहे.’ त्यांच्या फोटोची काळजी घेणारं माणूस पगारावर आहे. आजीचा फोटो आमच्या एका कार्यकर्तीने मोबाइलवर काढला, व्हॉट्सॲपच्या गटावर टाकला, तिथून दुसरीने कार्यालयाच्या गटावर ढकलला, तिथून तिसरीने डीटीपीवाल्या मुलाला पाठवला. चाळीस बायकांच्या गटाचा तो फोटो. त्यातून आजीचा चेहरा कापून काढला आणि पानावर दोन इंच रुंद करून बसवला. वाटेत कुणी पाहिलं का, की या फोटोत छापण्याइतकं काही शिल्लक आहे? नाही. अहवालातल्या ऱ्हस्व-दीर्घासाठी मात्र आम्ही तीन मुद्रितं तपासली. ‘सक्षमीकरण’ या शब्दातली दुसरी वेलांटी चुकली होती, ती मीच पकडली आणि त्याचा मला अभिमानही वाटला होता!

आता थोडं गणित. कंटाळा करू नका. बचतगटाचं व्याज तोंडी काढणाऱ्या बायकांना यात अवघड काही नाही.

छापखान्यात काळी शाई ही फक्त काळी असते. करडी शाई नसते. मग छापील फोटोत करडा रंग दिसतो कसा? ठिपक्यांनी. गडद जागी मोठे ठिपके, उजळ जागी बारीक. भिंग घेऊन वर्तमानपत्रातला फोटो पाहा, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे ओळीने मांडलेले दिसतील. चांगल्या कागदावर एका इंचात अशा साधारण दीडशे ओळी असतात, वर्तमानपत्राच्या खरखरीत कागदावर ८५ ते १००. आणि छापखान्याचा जुना अनुभव असा की ओळींच्या दुप्पट माहिती फोटोत असली की फोटो नीट उतरतो. दीडशेच्या दुप्पट तीनशे. ‘तीनशे डीपीआयचा फोटो द्या’ हे जे आपण ऐकतो ते इथून आलं. त्यात जादू नाही. एका इंचाच्या छपाईला फोटोत तीनशे पिक्सेल हवेत, एवढंच.

आता आजीचा हिशेब करू. व्हॉट्सॲपवर फोटो साध्या पद्धतीने पाठवला की तो आकसतो. लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेल उरतात. आमच्या फोटोत बायका दोन रांगांत, एका रांगेत वीस. म्हणजे एका बाईच्या वाट्याला ८० पिक्सेल आणि तिच्या चेहऱ्याला त्यातले फार तर चाळीस. आम्ही तो चेहरा दोन इंचांवर छापला. दोन इंचांना हवे होते सहाशे. चाळीस होते. एकेक ठिपका पंधरा पट ताणला तेव्हा तो दोन इंचांचा चेहरा झाला. चाळीस ठिपक्यांत कपाळाचं गोंदण येईल कुठून?

डीटीपीवाला मुलगा म्हणाला, “ताई, फाइल ७२ची होती, मी ३०० करून घेतली.” त्याचा दोष नाही, तोही रात्री दोनपर्यंत काम करत होता. पण या ‘३०० करून घेतली’ने आपली फार फसगत होते. संगणकात आकडा बदलल्याने फोटोत नसलेलं काही येत नाही. पाहुणे वाढले की आपण आमटीत पाणी वाढवतो. आमटी सगळ्यांना पुरते, पण म्हणून डाळ वाढली असं कुणी सुगरण म्हणणार नाही. मोजायची ती डाळ, म्हणजे पिक्सेल. फाइलच्या माहितीत रुंदी आणि उंचीचे दोन आकडे असतात. त्यांना तीनशेने भागा. जे उत्तर येईल तेवढे इंच तो फोटो सुखाने छापता येईल. संपलं गणित. शेजारच्या पोराच्या मोबाइलवरही हे दोन मिनिटांत होतं.

आणि ‘आमच्याकडे चांगला कॅमेरा नाही’ ही सबब तर मुळीच चालायची नाही. आठ मेगापिक्सेलचा साधा, जुना मोबाइल घ्या. त्याचा फोटो ३२६४ गुणिले २४४८ पिक्सेलचा असतो. तीनशेने भागलं तर जवळजवळ अकरा इंच गुणिले आठ इंच. म्हणजे ए-फोरचं अख्खं पान भरत आलं! आमच्या कार्यकर्तीच्या फुटक्या काचेच्या मोबाइलमध्ये आजीचा चेहरा शाबूत होता. तिच्या मोबाइलपासून आमच्या टेबलापर्यंतच्या वाटेवर तो हरवला. ती वाट आमची होती.

माझी एक ज्येष्ठ मैत्रीण, आणीबाणीनंतरच्या काळात चळवळीत आलेली, हे ऐकून हसली. म्हणाली, “आम्ही सायक्लोस्टाइलवर पत्रकं काढायचो. स्टेन्सिलवर फोटो उतरायचाच नाही. मग कुणीतरी मूठ वळलेला हात काढायचं.” अंकात फोटो द्यायचाच झाला तर जस्ताचा ब्लॉक करून घ्यावा लागे. त्याला पैसे पडत. म्हणून एकच फोटो निवडला जाई आणि त्यावर बैठकीत तासभर भांडण होई. कुणाचा? का? ओळखू येते का? तिला चालेल का? आता फोटो फुकट झाला आणि भांडण संपलं. आमच्या अहवालात एकूण बावन्न फोटो होते. एकावरही भांडण झालं नाही.

‘फोटोचं काय एवढं? मजकूर महत्त्वाचा!’ असं म्हणणारी एक तरी सहकारी प्रत्येक संस्थेत असते. तिला माझा प्रश्न : मजकूर कुणासाठी महत्त्वाचा? वाचता येणाऱ्यांसाठी. ज्या बाईला अक्षरं लागत नाहीत तिच्यासाठी पानावर फोटो हाच मजकूर आहे. आपण वाचणाऱ्यांच्या मजकुरातली वेलांटी तपासतो आणि न वाचणारीच्या मजकुरातला चेहरा तपासत नाही. याला मी नजरचूक म्हणायला तयार नाही. आपल्या मनात अहवाल कुणाच्या हातात पडणार आहे याचं जे चित्र असतं, त्यात आजी नसतेच. असते ती देणगीदार कंपनीची अधिकारी. त्या बाईंना धूसर फोटो चालतो, कारण त्यांना ‘ग्रामीण महिला’ दिसल्याशी कारण. कुठली ग्रामीण महिला याच्याशी त्यांना काय करायचंय?

हे दुखणं चेहऱ्यांपुरतंही नाही. कुपोषण ओळखायला बाळाच्या दंडाला जी पट्टी लावतात ना, तिचे तीन रंग असतात : साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, साडेबारापर्यंत पिवळा, त्यापुढे हिरवा. या पट्टीच्या चित्राची झेरॉक्स आणि त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स काढून वाटलेली मी पाहिली आहे. काळ्या-पांढऱ्यात लाल आणि हिरवा दोन्ही सारखेच करडे! वाटणारीने नोंदवहीत लिहिलं : ‘माहितीपत्रकं वाटली, ६०.’

आता मी जरा अवघड मुद्द्याकडे येते.

शहापूर-मुरबाडच्या बायकांचे स्पष्ट फोटो जगात नाहीतच असं मुळीच नाही. आहेत, आणि फार स्पष्ट आहेत. शहापूर तालुक्यातल्या डेंगणमाळची आठवण करा. २०१५च्या उन्हाळ्यात रॉयटर्स या वृत्तसंस्थेने तिथल्या ‘पाण्यासाठीच्या बायकां’चे फोटो जगभर पोचवले. पाणी भरायला घरात माणूस हवं म्हणून दुसरी, तिसरी बायको करायची. तिने हंडे वाहायचे, बदल्यात डोक्यावर छप्पर. त्यात बहुधा विधवा आणि टाकलेल्या बायका. ज्या तालुक्यातल्या भातसा आणि तानसा धरणांचं पाणी मुंबईच्या नळांना जातं, त्याच तालुक्यातली ही गोष्ट. त्या फोटोंत हंड्याच्या काठावरचा पोचा दिसतो, चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती दिसते.

मुरबाडकडे या. ८ मार्च २०१६ला फांगणे गावात आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांची कल्पना, मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टचं साहाय्य. साठी ओलांडलेल्या बायका गुलाबी नऊवारी नेसून, खांद्याला दप्तर लावून दुपारच्या वेळी शाळेत निघाल्या. हे दृश्य जगभरच्या कॅमेऱ्यांनी टिपलं. आयुष्यभर अंगठा उठवलेल्या बाईने पाटीवर आपलं नाव काढणं ही काही छोटी गोष्ट नाही आणि ते फोटोही सुंदर आहेत. माझी त्या छायाचित्रकारांबद्दल तक्रार नाही. त्यांना आपलं काम येतं. फोटो केवढा छापला जाणार, त्याला किती पिक्सेल लागणार, हे ते गाडीतून उतरण्याआधीच जाणतात.

पण मैत्रिणींनो, याचा परिणाम काय होतो तो पाहा. बाहेरचा कॅमेरा येतो तो गोष्ट ठरवून येतो. त्याला हंडा हवा असतो, पाटी हवी असते, गुलाबी लुगडं हवं असतं. ग्रामसभेला तो येत नाही. तहसील कचेरीच्या पायऱ्यांवर रेशनकार्डासाठी चार तास बसलेल्या कातकरी बायकांना त्याच्या लेखी ‘दृश्य’ नसतं. वीटभट्टीवरून परतल्यावर मालकाकडे हिशेब मागणारी बाई, पोलीस ठाण्यात ‘तक्रार लिहून घेतल्याशिवाय उठणार नाही’ म्हणणारी बाई, या क्षणांना हजर असतो तो फक्त आमचा मोबाइल. त्यांचा पुरावा जगात आमच्याखेरीज कुणाकडे नाही. आणि आम्ही तो चाळीस पिक्सेलवर आणून छापतो, मूळ फोटो ‘मोबाइलमध्ये जागा नाही’ म्हणून पुसून टाकतो!

आणखी वीस-तीस वर्षांनी कुणी मुलगी, कदाचित त्याच वाडीवरची, आपल्या आज्या कशा होत्या ते शोधायला बसली तर तिला काय सापडेल? हंडा वाहणारी बाई लख्ख. प्रश्न विचारणारी बाई डाग. ही वाटणी बाहेरच्यांनी केलेली नाही.

सबबींची उत्तरं देऊन टाकते, कारण त्या मी स्वतः सगळ्या वापरल्या आहेत.

डोळखांबच्या, टोकावड्याच्या आत रेंज नसते, मोठी फाइल जात नाही. खरं आहे. मग फोटो त्याच रात्री पाठवायचा अट्टहास कशाला? गटावर छोटा पाठवा, तो बातमीपुरता. छापायचा मूळ फोटो दर आठवड्याच्या बैठकीला केबलने संगणकात उतरवून घ्या. रेंज आहे तिथून पाठवायचा तर व्हॉट्सॲपवरच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, तसा पाठवला की तो आकसत नाही. एवढी एक गोष्ट जरी प्रत्येक कार्यकर्तीला कळली तरी निम्मा आजार बरा होईल. आमच्याकडे ती कळायला सहा वर्षं लागली. मी एम.एस.डब्ल्यू. केलं तेव्हा ‘दस्तऐवजीकरण’ या विषयाचा पेपर होता. अहवालाची प्रकरणं किती असावीत हे आम्ही पाठ केलं. फोटोचं ओझरतंही नाव नव्हतं.

दुसरी सबब फार हुशार आहे. ‘फोटो धूसर आला तर बरंच, बाईची ओळख लपते.’ हे मी एका प्रशिक्षणात प्रत्यक्ष ऐकलं आणि क्षणभर मलाही पटलं. पण नीट विचार करा. अत्याचाराला सामोऱ्या गेलेल्या बाईची ओळख उघड करायची नाही हा कायदा आहे. आधी भारतीय दंड विधानाचं कलम २२८-अ होतं, १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आहे. लहान मुलांसाठी पॉक्सोचं कलम २३. हे निष्काळजीपणाच्या भरवशावर सोडायचं? छापताना चुकून फुटलेल्या फोटोने बाहेरच्याला चेहरा कळत नाही, पण पाड्यावर बाई चेहऱ्यावरून ओळखत नाहीत. लुगड्याच्या काठावरून, उभं राहण्याच्या ढबीवरून, मागच्या कुडाच्या भिंतीवरून, शेजारी बांधलेल्या शेळीवरून ओळखतात. डोळ्यांवर काळी पट्टी मारलेला फोटो बाजाराच्या दिवशी एका टपरीवर पाहून एका मुलीला लोकांनी क्षणात ओळखल्याचं मी जवळून पाहिलं आहे. ओळख लपवायची असेल तर ती ठरवून, पूर्ण लपवा. हातांचा फोटो घ्या, पाठमोरा घ्या, नाहीतर घेऊच नका. आणि दाखवायची असेल तर तिला विचारून, पूर्ण दाखवा. अर्धवट दिसणारी बाई ना सुरक्षित असते ना हजर.

तिसरी सबब अलीकडची. ‘ॲपने साफ करून घेऊ.’ हिच्यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण ही सर्वांत गोड दिसते.

आजीने ‘ही मी नाय’ म्हटल्याचं मी कार्यालयात सांगितलं तेव्हा आमच्या सर्वांत तरुण सहकाऱ्याने लगेच मोबाइल काढला. कृत्रिम बुद्धिमत्तेचं एक ॲप, बटण दाबलं, दहा सेकंदांत आजी स्पष्ट! सगळ्याजणी पुढे वाकून पाहू लागल्या. फोटोत एक गोरीशी, तुकतुकीत गालांची म्हातारी बाई हसत होती. गोंदण नव्हतं. पुढचे दात सगळे होते. डोळे किंचित घारे. कुणीतरी म्हणालं, “किती छान आली!” मी म्हटलं, “आली खरी, पण कोण?”

ही ॲपं हरवलेला चेहरा शोधून आणत नाहीत. चाळीस पिक्सेलमध्ये जे नाहीच ते ती कुठून आणतील? त्यांनी पूर्वी पाहिलेल्या असंख्य चेहऱ्यांच्या आधारावर ती अंदाज करतात : इथे डोळा असावा, इथे गाल असावा. हे अंदाज ज्या चेहऱ्यांवरून शिकले त्यांत कपाळावर गोंदण असलेल्या ठाकर आज्या किती असतील? म्हणून यंत्राने गोंदण हा डाग समजून पुसला, काळं कातडं ही चूक समजून उजळलं आणि दात ‘दुरुस्त’ केले. कातकऱ्यांना, ठाकरांना शहरी शाळांनी, आश्रमशाळांनी, टीव्हीने जे वर्षानुवर्षं सांगितलं तेच यंत्राने दहा सेकंदांत करून दाखवलं. आणि आम्ही ते ‘छान’ म्हणालो! धूसर फोटो निदान एवढं तरी कबूल करतो की आम्हाला ही बाई नीट दिसली नाही. हा साफ केलेला फोटो खोटं बोलतो.

फोटोने बाईची फक्त मानहानीच होते असंही नाही. पुढचा प्रसंग लिहू की नको असा विचार करत होते, पण तो गाळला तर हा लेख निव्वळ अहवालांच्या सजावटीबद्दल आहे असं वाटेल.

मुरबाड तालुक्यातली एक बाई नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन आमच्याकडे आली. मार बसला त्या रात्री शेजारणीने तिच्या दंडाचे आणि पाठीचे फोटो काढून ठेवले होते. शहाणी बाई! ते फोटो शेजारणीकडून भावाकडे, भावाकडून आमच्या गटावर, गटावरून झेरॉक्सच्या दुकानात गेले. साध्या कागदावर, पासपोर्टच्या फोटोएवढे चार एका पानावर छापून घेतले आणि अर्जाला लावले. ते लावणारी मीच. दंडावरचा वळ त्या कागदावर सावलीसारखा दिसत होता. वकीलताईंनी भिंगातून पाहिला आणि विचारलं, “मूळ फोटो कुणाकडे आहेत?” शेजारणीचा मोबाइल दरम्यान बिघडून नवा घेऊन झाला होता.

डॉक्टरचा दाखला हा मुख्य पुरावा, फोटो त्याला जोड म्हणून, हे मला ठाऊक आहे. पण आडगावातली बाई दाखला घ्यायला कधी पोचते? दोन दिवसांनी, तीन दिवसांनी, वळ पिवळा पडल्यावर. मधल्या दिवसांचा साक्षीदार तो फोटोच. आणि मोबाइलमधल्या पुराव्याची प्रत न्यायालयात द्यायची तर ती कुठल्या उपकरणातून, कशी काढली याचं प्रमाणपत्र लागतं. आधी पुरावा कायद्याचं कलम ६५-ब होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३चं कलम ६३. व्हॉट्सॲपवरून साध्या पद्धतीने फिरून आलेल्या फोटोत तो कधी आणि कशाने काढला ही आतली नोंदही उरत नाही. २००५च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याची आम्ही इतकी शिबिरं घेतली. संरक्षण अधिकारी कोण, घटना अहवाल कसा भरायचा, निवासाचा हक्क काय, सगळं शिकवलं. ‘तो फोटो पुसू नकोस, मूळ मोबाइल जपून ठेव, छापायचा तर मोठा छाप’ हे एका वाक्यात सांगायचं राहिलं. आता सांगतो. त्या बाईसाठी उशीर झाला.

म्हणून मला राग येतो, जेव्हा संस्थांच्या बैठकीत ‘हे तांत्रिक आहे, डीटीपीवाला पाहील’ असं म्हटलं जातं. डीटीपीवाल्याला कसं कळणार की आजीच्या कपाळावर गोंदण आहे? तो तिला कधी भेटलाय? फोटो बरोबर आहे की नाही हे सांगू शकणारी माणसं दोनच : जिने तो काढला ती आणि जिचा काढला ती. आमच्या छपाईच्या वाटेवर या दोघींपैकी एकीचाही थांबा नाही. पडद्यावर पाहून ‘ठीक आहे’ म्हणू नका. मोबाइलचा पडदा लहान आणि चमकदार, त्यावर सगळंच गोमटं दिसतं. ज्या कागदावर, ज्या आकारात छापायचा त्यातच एक नमुना काढा आणि तो तिच्या हातात द्या. (फ्लेक्सचा प्रकार वेगळा. तो लांबून पाहायचा असतो, त्याला इंचाला तीनशे लागत नाहीत, शंभराच्या आतही भागतं. पण ‘फ्लेक्सला चाललेला फोटो आहे’ म्हणून तोच पुस्तिकेत घालू नका, ही चूकही आम्ही करून चुकलो आहोत.)

यावर एका सहकारिणीने विचारलं, “एवढ्यासाठी पुन्हा वाडीवर जायचं? दिवस मोडतो.” मोडतो. देणगीदाराला मुद्रित दाखवायला आपण मुंबईला जातो तेव्हाही मोडतो.

आमच्या अहवालाच्या तीनशेपैकी दोनशे प्रती वाटून झाल्या होत्या, त्यांचं काही करता आलं नाही. उरलेल्या शंभरांसाठी चौदावं पान पुन्हा छापायचं ठरवलं. कार्यकर्तीच्या जुन्या मोबाइलमध्ये तिने त्याच दिवशी आजीचा एकटीचाही फोटो काढलेला सापडला, ग्रामसभेत उभी असलेली, हात वर केलेला. ३२६४ गुणिले २४४८. तो आमच्याकडे पहिल्यापासून होता, कुणी मागितलाच नव्हता. त्याचा नमुना काढला, पानाच्या आकारात, त्याच कागदावर, आणि छापायला टाकण्याआधी वाडीवर नेला.

आजीने तो ओटीवर उजेडात धरला. बराच वेळ पाहिला. बोटाने कपाळावरचं गोंदण चाचपलं, आधी कागदावरचं, मग स्वतःचं. मला वाटलं, झालं आपलं काम.

“मीच हाय,” ती म्हणाली. “पन पदर नीट नाय. दुसरा काढ.”

दुसरा काढला. छपाई आठवडाभर लांबली.